कबुतरांचा सोबती : निकोला टेस्ला



मकर संक्रांतीनंतरच्या रविवारी धर्मशिक्षण वर्गातील मुले एक पारवा घेऊन आमच्या दारी आली. मांजाने त्याचा पंख कापला होता. खोक्यात जुने सुती कापड अंथरून आम्ही त्याला ठेवून घेतले. त्याची देखभाल करता करता एका थोर माणसाची आठवण झाली. विजेच्या युगाचा पाया घालणाऱ्या ह्या माणसाने उतारवयात जखमी कबुतरांची सेवा केली. त्यांचे नाव निकोला टेस्ला.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान ह्या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे धर्मगुरू होते. त्या ख्रिस्तसभेत विवाहित पुरुषालाही ही दीक्षा मिळते. आई कधी शाळेत गेली नव्हती, पण घरातली लहानसहान अवजारे ती स्वतः बनवीत असे. मुलाने आपल्यासारखेच धर्मगुरू व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. पुढे निकोला कॉलऱ्याने अंथरुणाला खिळले. मुलगा हाती लागतो की नाही अशी वेळ आली, तेव्हा वडिलांनी त्यांना अभियांत्रिकी शिकवण्याचे कबूल केले.

१८८४ साली टेस्ला न्यूयॉर्कला आले. काही काळ त्यांनी एडिसन यांच्याकडे नोकरी केली आणि मग स्वतःची वाट धरली. १८८८ साली त्यांना प्रत्यावर्ती विजेवर, म्हणजे एसी करंटवर, चालणाऱ्या मोटरचे पेटंट मिळाले. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन ह्याच विजेने उजळले. १८९६ साली नायगारा धबधब्यापाशी तयार झालेली वीज बफेलो शहरापर्यंत पोहोचली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात रात्रीची लाईन आली की शेतकरी गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला उठतो. विहिरीवरची त्याची थ्री फेज मोटर टेस्ला यांनी शोधलेल्या तत्त्वावरच फिरते.

परंतु जग उजळवणाऱ्या माणसाच्या पदरी पैसा टिकला नाही. बिनतारी संदेश आणि वीज दूरवर पाठवण्यासाठी त्यांनी एक मोठा मनोरा उभारायला घेतला होता. भांडवल आटले, काम थांबले आणि १९१७ साली तो मनोरा पाडला गेला. टेस्ला यांनी लग्न केले नव्हते. त्यांचे उत्तरायुष्य हॉटेलांच्या खोल्यांत गेले.

ह्याच काळात कबुतरे त्यांची सोबती झाली. सार्वजनिक ग्रंथालयाजवळच्या बागेत आणि सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या परिसरात ते रोज दाणे घेऊन जात. जखमी पक्षी दिसला की त्याला खोलीवर आणत आणि बरा होईपर्यंत सांभाळत. पंखांची टोके करडी असलेली एक पांढरी कबुतरी त्यांची विशेष लाडकी होती. तिचा पंख आणि पाय मोडला तेव्हा तिला आधार देणारे एक साधन त्यांनी स्वतः तयार केले. तिच्यावर दोन हजारांहून अधिक डॉलर खर्च केले, असे सांगतात. ती गेली तेव्हा आपले जीवितकार्य संपले असे त्यांना वाटले, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे.

मात्र ह्याला दुसरीही बाजू आहे. कबुतरांच्या घाणीमुळे हॉटेलवाले तक्रार करीत. बिले थकत आणि टेस्ला यांना बिऱ्हाड हलवावे लागे. पक्ष्यावरची त्यांची दया खरी होती. पण तिचा भार खोली झाडणाऱ्यांवर आणि बिलाची वाट पाहणाऱ्यांवरही पडत होता. शेजाऱ्याला विसरणारी दया अर्धीच राहते, असे आम्हांला वाटते.

म्हणून मुलांना आम्ही पारवा सांभाळण्याचे काही नियम घालून दिले. जखमी पक्ष्याला आधी ऊब, अंधार आणि शांतता द्यावी. चोच बुडेल इतके पाणी वाटीत ठेवावे. चोच उघडून पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. ज्वारी, बाजरी, मूग चालतात. दूध-पाव देऊ नये. पिलाला त्याचे आईबाप आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवतात. गाईचे दूध त्याची जागा घेऊ शकत नाही. खोल जखम असल्यास गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे. खोके घरात दम्याच्या माणसाजवळ ठेवू नये, विष्ठा साफ करताना नाकातोंडाला रुमाल बांधावा आणि हात साबणाने धुवावेत. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांचे विकार होतात. २०२५ साली मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा आदेश निघाला तो ह्याच कारणाने. आणि शेवटचा नियम असा की, पंख बरा झाला की पाखराला सोडून द्यावे.

१९३७ साली एका रात्री कबुतरांना दाणे टाकायला निघालेल्या टेस्ला यांना टॅक्सीने धडक दिली. बरगड्या मोडल्या, तरी ते डॉक्टरकडे गेले नाहीत. पुढे प्रकृती खालावत गेली. ७ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, हॉटेलच्या ३३ व्या मजल्यावर त्यांचे निधन झाले. त्यांच्या वडिलांची ख्रिस्तसभा जुन्या पंचांगाप्रमाणे त्याच दिवशी नाताळ साजरा करते. कोणी त्रास देऊ नये अशी पाटी दारावर लावलेली होती. दुसऱ्या दिवशी खोली झाडणाऱ्या बाईने ती पाटी बाजूला सारून दार उघडले, तेव्हा कुठे जगाला कळले. अंत्यविधीला दोन हजार लोक जमले होते. शेवटच्या घटकेला उशाशी एकही नव्हता.

प्रिय बंधुभगिनींनो, टेस्ला यांची कबुतरे सर्वांना दिसत होती. त्यांचे एकटेपण फार थोड्यांना दिसले. आपल्या जिल्ह्यात कर्जाने आणि मनातल्या ओझ्याने खचलेली माणसे आहेत. मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे घरी एकटे उरलेले आजी-आजोबा आहेत. कोणी मांजर पाळते, कोणी पारव्यांना ज्वारी टाकते, आणि आपण त्यांना हसतो. दारावर पाटी नसली तरी ते दार बंदच असते.

मुलांचा पारवा बरा होऊन मागच्या आठवड्यात उडून गेला. आता त्यांना नवे काम हवे आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्यांना घेऊन एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या भेटीला जाणार आहोत. आपल्या गल्लीत असे कोणी असल्यास शनिवारपर्यंत आम्हांला कळवा, आणि जमल्यास सोबत या.

आपला धर्मगुरू