प्रकाश वळवणारे जॉन टिंडॉल

एंडोस्कोपीची नळी पोटात वळणे घेत जाते, तरी तिच्या काचतंतूंतला प्रकाश वाटेत सांडत नाही. घरी इंटरनेट आणणाऱ्या फायबरचेही तेच. हा चमत्कार 1854 मध्ये जॉन टिंडॉल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांना दाखवला. पाण्याची धार सोडून त्यांनी आत उजेड टाकला. धार वाकली, तसा उजेडही वाकला. पाण्याच्या कडेवर फार तिरपा पडलेला किरण बाहेर न जाता आतच परततो. स्वित्झर्लंडच्या कोलाडॉन यांनी हे आधीच करून दाखवले होते. नाव मात्र टिंडॉल यांचे झाले.

आयर्लंडमध्ये 1820 साली जन्मलेले टिंडॉल आधी रेल्वेची मोजणी करत. अठ्ठाविसाव्या वर्षी ते जर्मनीत शिकायला गेले आणि पुढे फॅराडे यांचे सहकारी झाले.

माझ्या मते त्यांचे मोठे काम नंतरचे. अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून आकाशाच्या निळाईचा माग काढला. असेच विखुरणे काचेतही होते आणि काच कितीही शुद्ध केली तरी ते पूर्ण टळत नाही. म्हणून लांबच्या केबलमध्ये डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. तो खूपच कमी विखुरतो. तरीही साधारण 15 किलोमीटरमध्ये निम्मा प्रकाश संपतो. सोलापूरहून निघालेला होटगीपर्यंत अर्धा, आणि सुमारे 250 किलोमीटरवरच्या पुण्यात लाखातला एक भाग! म्हणून आखणी करतानाच वाटेत प्रकाशवर्धक बसवावे लागतात. याच पुण्यात 1979 मध्ये टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी देशातली पहिली फायबर यंत्रणा सुरू झाली.

आम्हा डॉक्टरांवर त्यांचे वेगळे ऋण आहे. धूळ नसलेल्या हवेत उकळलेला मांसरस नासत नाही, हे दाखवून त्यांनी जंतुसिद्धान्ताला बळ दिले. एका उकळीत न मरणारे जंतूंचे बीजाणू थांबून थांबून पुन्हा तापवल्यास मरतात, ही रीतही त्यांचीच.

त्यांना झोप येत नसे. त्यासाठी ते क्लोरल घेत. 4 डिसेंबर 1893 रोजी पत्नी लुईसा यांच्या हातून मॅग्नेशियाऐवजी क्लोरलचा मोठा डोस दिला गेला. चूक लगेच लक्षात आली, धावपळ झाली, पण त्याच दिवशी ते गेले. औषधांची अशी अदलाबदल आजही घरोघरी होते. लुईसा पुढे 47 वर्षे जगल्या आणि पतीच्या चरित्रासाठी कागदपत्रे जमवत राहिल्या. चरित्र निघाले 1945 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.