औरंगाबादचे मौलाना मौदुदी

व्हाइटफील्डला आमच्या इमारतीत कुणी मूळ गाव विचारले की मी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) सांगतो, आणि लगेच अजिंठा-वेरूळचा विषय निघतो. अबुल आला मौदुदी तिथेच जन्मले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. लष्करात जाऊ पाहणाऱ्या आपण कॅडेटांनी ते माहीत करून घ्यावे, म्हणून हे लिहितो.

जन्म २५ सप्टेंबर १९०३ चा. वडील वकील. मौदुदी तरुणपणीच पत्रकार झाले, दिल्लीत ‘अल-जमियत’चे संपादक झाले. १९२४ मध्ये तुर्कस्तानातली खिलाफत संपली. पुढे त्यांचे मत पक्के होत गेले, की सार्वभौम सत्ता फक्त अल्लाची. संसदेची नव्हे, राष्ट्राचीही नव्हे. १९४१ मध्ये लाहोरला ७५ जणांना घेऊन त्यांनी जमाते इस्लामी स्थापन केली. गंमत म्हणजे जिनांच्या मुस्लिम लीगला त्यांचा विरोध होता. तरी १९४७ मध्ये पठाणकोटजवळचे बिऱ्हाड हलवून ते लाहोरला गेले.

१९४८ चा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काश्मीरमध्ये लढाई चालू होती. झांगडला ब्रिगेडियर उस्मान यांना वीरमरण आले ते याच वर्षी. मौदुदींनी पाकिस्तान सरकारलाच अडचणीत आणले. भारताशी करार पाळतो म्हणायचे आणि चोरून टोळ्या घुसवायच्या, याला जिहाद म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. १९५३ मध्ये अहमदियांविरुद्धच्या दंगलींनंतर लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. त्यांनी दयेचा अर्ज केला नाही. शिक्षा पुढे कमी झाली.

माणूस निडर होता, हे मान्य. पण त्यांच्या राज्यात बिगरमुस्लिमांना बरोबरीची जागा नव्हती, आणि तो विचार सीमा ओलांडून गेला. इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांनी तो अधिक जहाल केला. १९६६ मध्ये नासर सरकारने त्यांना फाशी दिले.

मतदारांनी मात्र मौदुदींना फारसे जवळ केले नाही. १९७० च्या निवडणुकीत ३०० पैकी ४ जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी जमातच्या विद्यार्थी संघटनेतली मुले अल-बद्र दलात शिरून पूर्व पाकिस्तानात लष्कराच्या बाजूने उतरली. डिसेंबरमध्ये ढाक्यात प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून मारले गेले, त्याचा ठपका याच दलावर आहे.

फेब्रुवारी १९७९ मध्ये जनरल झियांनी हुदूद कायदे आणले, तेव्हा मौलाना हयात होते. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला अमेरिकेतील बफेलो शहरात, डॉक्टर मुलाकडे उपचारांसाठी गेले असताना, त्यांचे निधन झाले. दफन लाहोरला झाले.