पहिल्या निवडणुकीचा गणिती : सुकुमार सेन

टी. एन. शेषन हे नाव आपल्या आई-बाबांच्या पिढीला तोंडपाठ आहे. पण शेषन हे दहावे मुख्य निवडणूक आयुक्त. पहिले कोण, असं हॉस्टेलवर विचारून पाहिलं, तर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे एक-दोघे सोडून सगळे गप्प! त्यांचं नाव सुकुमार सेन.

जन्म १८९८ चा, बंगाली घरातला. कोलकात्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज, मग लंडन विद्यापीठ आणि तिथे गणितात सुवर्णपदक. (एम-थ्रीमध्ये अडकलेल्यांनी नमस्कार करावा.) १९२१ मध्ये ते आय.सी.एस. झाले. पुढची बरीच वर्षं जिल्ह्या-जिल्ह्यांत न्यायाधीश म्हणून काढली आणि शेवटी पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये त्यांना दिल्लीला बोलावण्यात आलं. निवडणूक आयोग जेमतेम दोन महिन्यांचा होता.

पंडित नेहरूंना घाई होती. १९५१ च्या वसंतातच निवडणूक व्हावी असं त्यांना वाटत होतं. सेननी थोडं थांबायला सांगितलं, कारण आकडे त्यांच्यासमोर होते. सतरा कोटींहून जास्त मतदार, त्यातले बहुतेक निरक्षर. लोकसभा आणि विधानसभा मिळून सुमारे साडेचार हजार जागा. आणि मतदार यादी? ती शून्यापासून करायची.

मग काय केलं? वाचता येत नाही ना, तर चिन्हं द्या. बैलजोडी, झोपडी, रोजच्या बघण्यातली. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. शिक्का नाही, फुली नाही, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा की झालं. मला हे डिझाइन फार आवडतं. यूजर मॅन्युअल लागतच नाही! अर्थात त्यासाठी सुमारे वीस लाख पोलादी पेट्या लागल्या. त्यातल्या बारा लाखांहून जास्त आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. बोटाला न पुसणारी शाईसुद्धा तेव्हाचीच.

पण सगळ्यात अवघड प्रश्न हार्डवेअरचा नव्हता. उत्तरेकडच्या राज्यांत यादी करणारे दारात आले की बायका स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून घ्या म्हणायच्या. सेन अडून बसले. मतदार म्हणजे एक व्यक्ती, तिला स्वतःचं नाव हवं. बिहारमध्ये महिनाभर मुदत वाढवून दिली. तरीही शेवटी सुमारे आठ कोटी महिला मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावं यादीतून गेली.

हे बरोबर झालं का? मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते. ज्यांचा काही दोष नव्हता त्यांचाच हक्क बुडाला, आणि तोही नेमका पहिल्या वेळी. पण ‘अमक्याची बायको’ असंच छापलं असतं, तर सरकारी कागदावर ती कायमची तशीच राहिली असती. सेनना वाटत होतं की आरडाओरडा होईल तो बराच, पुढच्या वेळी नावं येतील. न्यायाधीशाचा स्वभाव! तरी २८ लाख हा आकडा मला बोचतोच.

२५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलच्या चिनी भागात, बर्फ पडायच्या आत, पहिली मतं पडली. फेब्रुवारी १९५२ पर्यंत हे चाललं. साधारण ४५ टक्के लोकांनी मत दिलं. उत्तर मुंबईतून खुद्द डॉ. आंबेडकर हरले, काँग्रेसच्या काजरोळकरांकडून. आयोग स्वतंत्र ठेवणारं ३२४ वं कलम ज्या घटनेत आहे, तिच्या शिल्पकाराचा हा निकाल!

१९५३ मध्ये सुदानने आपली पहिली निवडणूक घ्यायला सेनना नेलं. परत आल्यावर १९५७ ची दुसरी निवडणूक. जुन्याच पेट्या जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे खर्च काही कोटींनी कमी झाला. त्या निवडणुकीनंतर त्यांचेच धाकटे भाऊ अशोक सेन कायदामंत्री झाले, हे मात्र थोडं अवघडच वाटलं असणार.

१९५८ च्या डिसेंबरमध्ये ते निवृत्त झाले. नंतर बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि साठच्या दशकातच गेले. आत्मचरित्र लिहिलं नाही. त्या निवडणुकीचा सरकारी अहवाल तेवढा मागे आहे, बहुतेक आकड्यांनीच भरलेला.