साखर, मेंदू आणि मजुराचा मुलगा

बारामती-इंदापूर म्हणजे उसाचा पट्टा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने सर्वांना ठाऊक आहेत. पण मधुमेह हा गोडधोड खाणाऱ्या श्रीमंतांचाच रोग, हा समज आमच्या वस्त्यांतून अजून जात नाही. तो मोडण्यासाठी क्लॉद बर्नार यांचे चरित्र आम्ही मांडत आहोत.

बर्नार १८१३ मध्ये फ्रान्समधील एका खेड्यात द्राक्षमळ्यात राबणाऱ्या घरात जन्मले. लीआँ शहरात औषधांच्या दुकानात उमेदवारी केली. नाटककार होण्यासाठी पॅरिसला गेले आणि वैद्यक शिकले. प्राण्याला साखर फक्त अन्नातून मिळते, असे तेव्हाचे शास्त्र सांगे. बर्नार यांनी १८४८ मध्ये नुसते मांस खाल्लेल्या कुत्र्याच्या यकृतातही साखर दाखवली. शरीर स्वतःच साखर बनवते! १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या तळाशी टोचताच त्याच्या लघवीत साखर उतरली. साखरेच्या कारभारात मेंदूचाही हात असतो, हे उघड झाले. जिवंत प्राण्यांवरील अशा प्रयोगांमुळे पत्नी व मुली दुरावल्या, हेही सांगितले पाहिजे. १८७८ मध्ये त्यांना शासकीय इतमामात निरोप मिळाला. फ्रान्समध्ये हा मान मिळालेले ते पहिले शास्त्रज्ञ.

पुढे १८८९ मध्ये स्वादुपिंडाचा संबंध कळला, १९२१ मध्ये इन्सुलिन हाती आले. वाढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते, पक्षाघाताचा धोका वाढवते. खुद्द बाबासाहेबांना या रोगाने अखेरपर्यंत छळले. तेव्हा कोयता चालवणाऱ्यानेही गाफील राहू नये. जयंतीच्या वर्गणीतून विहारात रक्ततपासणी ठेवावी, असे आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे.