हातात दिवा, वहीत आकडे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. रात्रीची वेळ, हातात दिवा आणि जखमी सैनिकांच्या खाटांमधून हळूहळू फिरणारी एक बाई. शाळेच्या पुस्तकात आपण हेच वाचलं, १२ मेच्या परिचारिका दिनाच्या भाषणांतही हेच ऐकतो. पण मैत्रिणींनो, ही बाई दिवा घेऊन फिरली ती जेमतेम दोन वर्षं. आकड्यांच्या वह्या मात्र तिच्या हातात आयुष्यभर होत्या! १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं पहिली स्त्री सभासद म्हणून जिची निवड केली, ती फ्लॉरेन्सच.

आज तिची ही दुसरी ओळख करून द्यायचीय. आणि ती खास करून अशा आयांना, ज्यांच्या मुली बीएस्सीला गेल्या आहेत आणि संशोधन पद्धती नि संख्याशास्त्राचा पेपर म्हटला की ज्यांच्या पोटात गोळा येतो. मी स्वतः कला शाखेची. आकड्यांशी माझा संबंध वाण्याच्या यादीपुरता आणि बचत गटाच्या वहीपुरता. तरी तिचं आयुष्य वाचत गेले तसं मला वाटायला लागलं, की या विषयाची सुरुवात सूत्रांपासून होतच नाही. ती होते नीट प्रश्न विचारण्यापासून.

फ्लॉरेन्सचा जन्म १८२० सालचा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. गावाचंच नाव लेकीला ठेवलं. घर इंग्लंडमधलं, खातंपितं, श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवलं, ग्रीक, लॅटिन, इतिहास सगळं. पण विसाव्या वर्षी फ्लॉरेन्सनं गणित शिकायचा हट्ट धरला, तेव्हा घरात वादळ उठलं. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीला गणिताचा काय उपयोग, असं आईचं म्हणणं. ओळखीचं वाटतंय ना? तिच्या मदतीला धावून आली ती आत्या. या आत्यानं भाचीची बाजू घेतली, पहाटे उठून तिच्याबरोबर गणितं सोडवली. पुढं थोडे दिवस शिक्षकही मिळाले. घरचे झोपलेले असताना, मेणबत्तीच्या उजेडात, शाल पांघरून ही मुलगी इस्पितळांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायची, टिपणं काढायची. न्याहारीला मात्र इतर मुलींसारखी खाली हजर!

चांगलं स्थळ चालून आलं होतं, तिनं नाकारलं. परिचारिकेचं काम तेव्हा कुलीन घरात हलकं मानायचे. तरी १८५१ मध्ये तिनं जर्मनीतल्या कैसर्सवर्थला जाऊन ते शिक्षण घेतलं. १८५४ साली क्रिमियाचं युद्ध पेटलं, तेव्हा ३८ जणींना बरोबर घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली.

तिथली दैना आपण वाचलेली असते. घाण, उंदीर, उवा, तुंबलेली गटारं. पण फ्लॉरेन्सला आणखी एक गोष्ट खटकली. माणसं रोज मरत होती आणि किती मेली याचा धड हिशेब नव्हता! मृत्यूची नोंद तीन ठिकाणी व्हायची आणि तिन्हीकडचे आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत. आजाराचं नाव एका ठिकाणी एक, दुसरीकडे दुसरंच. आता मला सांगा, दुधाचा हिशेब गवळ्याच्या वहीत एक आणि आपल्या कॅलेंडरवर वेगळा असेल, तर महिन्याचे पैसे कशावरून देणार? संशोधनाचा पहिला धडा हाच. आधी काय मोजायचं ते ठरवा, आणि सगळीकडे ते एकाच पद्धतीनं मोजा. पुढं फ्लॉरेन्सनं सगळ्या इस्पितळांसाठी एकसारखे नोंदतक्ते तयार केले, आणि १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत त्यांवर चर्चा झाली.

फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीत मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेलं होतं. मार्चमध्ये सरकारनं पाठवलेलं स्वच्छता पथक आलं. त्यांनी गटारं उपसली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडून हवा खेळती केली. जूनपर्यंत प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरलं. झालं, आपण लगेच म्हणू, स्वच्छतेनं माणसं वाचली!

पण थांबा. याच काळात कडाक्याचा हिवाळाही संपला होता. सामान पोचायला लागलं होतं, गर्दी कमी झाली होती. मग गुण नेमका कशाचा? आपण नाही का, सर्दीवर काढा घेतो आणि आठ दिवसांनी बरं वाटलं की काढ्याला श्रेय देतो? सर्दी तशीही आठ दिवसांत गेलीच असती! आधी काय होतं आणि नंतर काय झालं, एवढ्यावरून कारण ठरवता येत नाही. विज्ञानाच्या मुलींना प्रयोगाची आखणी शिकवतात ती याचसाठी.

युद्ध चालू असताना खुद्द फ्लॉरेन्सची समजूत होती, की सैनिक उपासमारीनं खंगलेले येतात, फार उशिरा येतात, म्हणून दगावतात. १८५६ मध्ये ती मायदेशी परतली. मग विल्यम फार हा जन्ममृत्यूच्या नोंदींचा मोठा जाणकार तिला भेटला. दोघांनी कागद पुढ्यात घेतले, आणि इस्पितळांमधली अस्वच्छता नि दाटीवाटी हे मोठं कारण असल्याचं तिला दिसायला लागलं. स्वतःची आधीची समजूत तिनं बाजूला ठेवली. याला केवढं धैर्य लागलं असेल! आपण जिथं रात्रंदिवस राबलो, तीच जागा माणसं मारत होती, हे स्वतःच्याच वहीतून वाचायचं...

मग तिनं आणखी एक तुलना मांडली, ती फार हुशारीची. युद्ध सोडून द्या, म्हणाली. शांततेच्या काळात, इंग्लंडमध्येच बरॅकीत राहणारे सैनिक घ्या, आणि त्याच वयाचे साधे नागरिक घ्या. नागरिकांत वर्षाला हजारी ११ मृत्यू, तर सैनिकांत पलटणीप्रमाणे हजारी १७ ते २०! इथं ना तोफा, ना रशियाची थंडी. शिवाय सैन्यात भरती करताना धडधाकट माणसंच निवडून घेतात. म्हणजे त्यांच्यात मृत्यू कमी हवेत. ते जास्त आहेत, तर दोष राहण्याच्या जागेतच शोधायला हवा. वय सारखं, देश सारखा, फरक राहणीचा. तुलना करायची तर बरोबरीच्यांशी, हा दुसरा धडा.

हे सगळं तिनं मंत्र्यांना आणि राणीला पटवायचं कसं? आकड्यांचे रकाने बघून माणसं पान उलटतात, हे ती ओळखून होती. तिनं एक चित्र काढलं. वर्तुळाच्या बारा फाकी, एकेका महिन्याची एकेक. जेवढे मृत्यू जास्त, तेवढी फाक मोठी. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांनी झालेले लाल, बाकीचे काळे. बघणाऱ्याला दिसायचं काय, तर निळाच निळा! शत्रूच्या गोळीपेक्षा किती तरी जास्त माणसं रोगराईनं नेली होती. बरॅकी आणि लष्करी इस्पितळं सुधारायचं काम पुढं सुरू झालं, त्यात या चित्राचा वाटा मोठा.

आता तिची एक ठेच सांगते, कारण मुली शिकतात त्या अशाच गोष्टींतून. १८६३ मध्ये इस्पितळांवरच्या तिच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. त्यात फारनं केलेला एक तक्ता होता. लंडनच्या २४ इस्पितळांत मृत्यूचं प्रमाण शेकडा नव्वदच्या वर! डॉक्टरमंडळी खवळली, आणि त्यांचं म्हणणं रास्तच होतं. समजा, शंभर खाटांचं इस्पितळ आहे. एका दिवशी बघितलं तर शंभर रुग्ण. पण वर्षभरात हजार येऊन जातात, आणि त्यांतले ९० दगावतात. हे ९० जर शंभरानं भागले तर शेकडा ९०, हजारानं भागले तर शेकडा ९. वर्षाचे मृत्यू एका दिवसाच्या रुग्णसंख्येनं भागले, म्हणून तो भयंकर आकडा आला. वरचा आकडा खरा होता, खालचा चुकीचा निवडला होता. तिसरा धडा, किती जणांतून किती, हे विचारल्याशिवाय कुठल्याही टक्केवारीला मान डोलावू नका.

हे विचारायला पदवी लागत नाही बरं का. आमच्या वस्तीत एकदा एक विक्रेता शक्तिवर्धक पावडर घेऊन आला. चाळीस बायकांना गुण आला, असं छापील कागद दाखवून सांगत होता. आमच्या गटातली एक भाजीवाली मावशी शांतपणे म्हणाली, दिली होती किती जणींना? आणि ज्यांनी नाही घेतली त्यांचं काय झालं? विक्रेत्याला उत्तर देता येईना. मावशी शाळेत दुसरीपर्यंतही गेलेली नाही!

फ्लॉरेन्सच्या एका कामाबद्दल वाचताना मला फार गलबलून आलं. बाळंतिणींसाठी तिच्या निधीतून लंडनच्या एका इस्पितळात खास कक्ष उघडला होता, सुइणींच्या शिक्षणासाठी. तिथं बाळंतरोगानं बायका दगावू लागल्या, आणि १८६७ मध्ये तो बंद करावा लागला. दुसरी कुणी असती तर झाकून टाकलं असतं. हिनं ठिकठिकाणचे आकडे जमवले, आणि १८७१ मध्ये पुस्तकच छापलं. गरिबांच्या कोंदट घरात बाळंत होणाऱ्या बायकांपेक्षा त्या काळच्या प्रसूतिगृहांत मरणाऱ्यांचं प्रमाण कित्येक पट जास्त निघालं. अवघड बाळंतपणंच इस्पितळात येतात म्हणून तर असं नसेल, ही शंकाही तिनं तपासून पाहिली. यावरून आज घरी बाळंत व्हा असा अर्थ कुणी काढू नका हं. हात आणि हत्यारं जंतुमुक्त करणं तेव्हा रूढच नव्हतं. आज दवाखान्यातलं बाळंतपणच सुरक्षित. रोग दूषित हवेतून होतो असं फ्लॉरेन्सही कित्येक वर्षं मानत होती. तिचं कारण चुकलं, पण मोजणी खरी होती, म्हणून स्वच्छतेचा उपाय लागू पडला.

आपल्या देशाशीही तिचं नातं आहे. ती हिंदुस्थानात कधीच आली नाही. १८५७ नंतर तब्येत ढासळली, बराचसा काळ ती खोलीतच असायची. पण अंथरुणावरून तिनं इथल्या लष्करी ठाण्यांना प्रश्नावल्या धाडल्या. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठं जातं, किती आजारी, किती मेले. इथले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ मरत होते, हे १८६३ च्या अहवालात आलं. पुढं तिचं लक्ष सैनिकांवरून आपल्या खेड्यापाड्यांकडे वळलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या स्वच्छतेबद्दल तिचा पत्रव्यवहार झाला.

म्हातारपणी तिला एक ध्यास होता. राज्यकारभार करणाऱ्यांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून योजना अंदाजानं चालतात, असं तिचं मत. १८९१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या फ्लॉरेन्सनं फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाच्या मदतीनं ऑक्सफर्डला संख्याशास्त्राचं अध्यापकपद सुरू करायची खटपट केली. शाळा काढल्या, पण शिकलेलं मुलांच्या किती लक्षात राहतं? शिक्षा दिल्या, त्यानं गुन्हे घटतात का? असले प्रश्न तिथं अभ्यासले जावेत, ही तिची इच्छा. ते काही जमलं नाही. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि १९१० साली, नव्वदाव्या वर्षी गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलगी संख्याशास्त्राचं पुस्तक मिटून बसली, तर तिला आधी सूत्रं पाठ करायला लावू नका. तिच्याशी गप्पा मारा. तू काय मोजतेस? सगळीकडे सारखंच मोजतेस ना? कशाशी ताडून बघतेस? किती जणांतून किती? दुसरं काही कारण असू शकेल का? एवढं तिला मनापासून विचारता आलं, की सरासरी, प्रमाण, आलेख ही सगळी हत्यारं कशासाठी आहेत ते आपोआप कळेल. आणि मुलीच्या जातीला गणित कशाला, असं घरातलं कुणी म्हणालंच, तर त्या आत्यासारखं तिच्या बाजूनं उभं राहा. पहाटेचा चहा आपण करून द्यायचा, गणितं ती सोडवेल.