रॉबर्ट टॅफ्ट: कर्ज आणि महागाईचा प्रश्न बरोबर विचारणारा, उत्तरात मात्र कामगाराला विसरलेला नेता

५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. त्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष जनरल ड्वाइट आयझेनहॉवर रजेवर होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळवायला ते मैदानात उतरले होते. त्यांच्यासमोर होते ओहायो राज्याचे सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट. सरकारने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करू नये, कर्जाचा डोंगर उभारू नये आणि चलनाची किंमत घसरू देऊ नये, हे आयुष्यभर सांगत आलेला हा परंपरावादी नेता.

हा माणूस आपल्या विचारांचा नव्हता. तरीही त्याचे आयुष्य समजून घ्यायला हवे, असे मला वाटते. आपण आरक्षणावर आणि अत्याचारांवर बोलतो. कर्ज, तूट, महागाई हे शब्द आले की चर्चा दुसऱ्यांवर सोडून देतो. पण तिजोरीत पैसा नाही हे वाक्य शिष्यवृत्तीची चौकशी करायला गेलेल्या आपल्याच पोरांना ऐकावे लागते. ते वाक्य कोणत्या विचारातून येते, हे कळले तरच त्याला उत्तर देता येईल.

राष्ट्राध्यक्षाच्या घरातला मुलगा

रॉबर्ट टॅफ्ट यांचा जन्म ८ सप्टेंबर १८८९ रोजी ओहायोमधील सिनसिनाटी शहरात झाला. वडील विल्यम हॉवर्ड टॅफ्ट १९०९ ते १९१३ या काळात राष्ट्राध्यक्ष होते आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. त्याआधी ते फिलिपिन्सचे गव्हर्नर होते, त्यामुळे रॉबर्ट यांच्या लहानपणाचा काही काळ मनिलामध्ये गेला. येल विद्यापीठात शिकून १९१३ साली ते हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले, वर्गात पहिले येऊन. त्याच वर्षी एक बावीस वर्षांचा महार तरुण बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला होता. दोघेही पुढे कायद्याचे आणि आकड्यांचे जाणकार झाले. पण एकाच्या मागे घराणे होते आणि दुसऱ्याच्या पायात जातीची बेडी होती. हा फरक पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवावा.

पहिल्या महायुद्धात अधू दृष्टीमुळे टॅफ्ट यांना सैन्यात घेतले गेले नाही. ते हर्बर्ट हूव्हर यांच्या हाताखाली सरकारच्या अन्न प्रशासनात कायदेविषयक काम करू लागले. युद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये राहून युरोपातल्या उपाशी देशांना धान्य पोचवण्याच्या कामातही होते. सरकार भाव ठरवते तेव्हा काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले. भावनियंत्रणाबद्दलचा त्यांचा अविश्वास तिथून सुरू झाला आणि शेवटपर्यंत टिकला.

१९२१ पासून ते ओहायोच्या विधिमंडळात होते. त्या काळात कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेचा तिथे मोठा जोर होता. सरकारी शाळांत रोज बायबलचे वाचन सक्तीचे करणारे विधेयक क्लॅनच्या पाठिंब्याने आले. टॅफ्ट यांनी त्याच्याविरुद्ध पुढाकार घेतला.

रोखा, सोने आणि रुपया

१९३३ साली रूझवेल्ट सरकारने एक मोठा निर्णय घेतला. रोख्यांची रक्कम सोन्याच्या मूल्यात परत देण्याची अट कायद्याने रद्द केली. टॅफ्ट यांनी एका कंपनीच्या वतीने याविरुद्ध खटला लढवला. १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. टॅफ्ट यांच्या मनात मात्र गाठ बसली: सरकारच्या हाती चलन मोकळे सोडले, की लोकांची बचत सुरक्षित राहत नाही.

हा संशय फक्त उजव्यांचा होता असे समजू नका. बाबासाहेबांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात हाच धोका वेगळ्या बाजूने मांडला होता. सरकारला हवे तसे चलन वाढवता आले की भाव वाढतात, आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे चलन काढण्यावर कायद्याची पक्की मर्यादा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. म्हणजे प्रश्न एकच होता. फरक इतकाच की टॅफ्ट यांच्या डोळ्यांसमोर रोखेधारक होता आणि बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर मजूरही होता.

सिनेटमधला हिशेबनीस

१९३८ साली टॅफ्ट सिनेटवर निवडून आले. महामंदीतून वर येण्यासाठी रूझवेल्ट सरकार कर्ज काढून खर्च करत होते. टॅफ्ट यांनी त्याला विरोध केला. अंदाजपत्रकातले आकडे त्यांना तोंडपाठ असत. भाषण कोरडे, चेहरा गंभीर आणि हस्तांदोलनाची हौस कमी. तरीही पक्षात त्यांना इतका मान होता, की ते मिस्टर रिपब्लिकन म्हणून ओळखले जाऊ लागले.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४० साली अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज सुमारे ४३ अब्ज डॉलर होते. १९४६ साली ते सुमारे २६९ अब्ज झाले. देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नापेक्षाही कर्ज जास्त. हे कर्ज स्वस्तात मिळावे म्हणून फेडरल रिझर्व्ह ही केंद्रीय बँक सरकारी रोख्यांचे व्याजदर खाली दाबून धरत होती. त्यासाठी रोखे विकत घ्यायचे म्हणजे बाजारात पैसा ओतायचा. युद्ध चालू असेपर्यंत भावनियंत्रण आणि रेशनिंगने महागाई दाबली गेली. ते झाकण निघाले तर काय, हा खरा प्रश्न होता.

१९४६ च्या उन्हाळ्यात तो प्रश्न सिनेटपुढे आला. टॅफ्ट यांनी भावनियंत्रणाचा कायदा सैल करणारी दुरुस्ती आणली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तो पातळ झालेला कायदा नाकारला आणि ३० जूनला नियंत्रण संपले. महिनाभरात नवा, दुबळा कायदा आला, पण तोवर मांसापासून सगळ्याचे भाव उसळले होते. त्या एका वर्षात महागाई १८ टक्क्यांच्या आसपास गेली. टॅफ्ट यांचा तर्क असा होता, की बाजार मोकळा झाला की उत्पादन वाढेल आणि भाव आपोआप खाली येतील. दीर्घकाळात त्यात तथ्य असेलही. पण कामगाराच्या घरात चूल रोज पेटते, दीर्घकाळाने नाही. १९४७ साली पश्चिमेकडच्या दौऱ्यात महागाईबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी लोकांना कमी खाण्याचा सल्ला दिला. त्यावरून देशभर ओरड झाली आणि हा सल्ला त्यांना जन्मभर चिकटला.

त्याच वर्षी त्यांच्या नावाचा टॅफ्ट-हार्टली कायदा ट्रुमन यांचा नकाराधिकार ओलांडून मंजूर झाला. युद्धानंतर संपांची मोठी लाट आली होती. संघटनांनी मजुरी वाढवून घेतल्यामुळे भाव वाढतात, असे परंपरावादी मानत. या कायद्याने फक्त सभासदांनाच कामावर घेण्याची अट बेकायदा ठरवली आणि संघटनेला आर्थिक आधार देणारे करार रोखण्याची मुभा राज्यांना दिली. शेतमजूर आणि घरकामगार तर १९३५ च्या मूळ कामगार कायद्यातच वगळलेले होते. दक्षिणेत या कामांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. त्यांना मुळात काही मिळालेच नव्हते. आपल्याकडे त्याच सुमारास, १९४६ साली, कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यामागे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांचे काम होते.

जिथे ते वेगळे वागले

टॅफ्ट यांना केवळ कंजूष ठरवणे अन्यायाचे होईल. काही मुलांना शिक्षणच मिळत नसेल तर समान संधीची भाषा खोटी ठरते, हे त्यांना पटले आणि शिक्षणाला केंद्राच्या मदतीचा आपला विरोध त्यांनी सोडला. १९४८ साली ते विधेयक सिनेटने मंजूर केले, पण दुसऱ्या सभागृहात अडकले. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात ते विरोधी पक्षाच्या सिनेटरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्या कायद्याने ८ लाख १० हजार सार्वजनिक घरे बांधण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

आपण बौद्धांनी आणखी एक प्रसंग लक्षात ठेवावा. १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत कोंडण्यात आले. बहुतेक जण अमेरिकेचे नागरिकच होते. त्यांच्यात बौद्धांची संख्या मोठी होती. बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका या संघटनेने आपले हे नाव १९४४ साली युटामधल्या टोपाझ छावणीतच घेतले. या हुकुमाची अंमलबजावणी करणारा कायदा सिनेटमध्ये आला, तेव्हा त्याच्या ढिसाळ आणि अमर्याद भाषेवर बोट ठेवणारे टॅफ्ट एकटे होते. पण युद्ध चालू आहे म्हणून त्यांनी तो अडवला नाही. कायदा आवाजी मताने पार झाला. अन्याय दिसूनही थांबणे, ही त्यांची मर्यादा तिथे उघडी पडली.

नागरी हक्कांतही तेच. कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्येविरुद्धच्या कायद्याला आणि मतदानावरचा कर रद्द करायला त्यांचा पाठिंबा होता. पण नोकरीत वंशभेद करणाऱ्या मालकाला कायद्याने सक्ती करायला विरोध. मालकाने स्वेच्छेने सुधारावे, ही त्यांची अपेक्षा. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहणाऱ्यांना बाबासाहेबांनी काय उत्तर दिले, ते आपल्याला ठाऊक आहे. पुढे मॅकार्थी यांच्या बदनामीच्या मोहिमेलाही टॅफ्ट यांनी बळ दिले. हा त्यांच्या नावावरचा काळा डाग आहे.

१९५२ ची लढत

१९४० साली उमेदवारी वेंडेल विल्की यांना मिळाली, १९४८ साली थॉमस ड्यूई यांना. १९५२ हा टॅफ्ट यांचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांनी केलेले मतदान, पण तेव्हा ते थोड्याच राज्यांत होत असे. बाकी राज्यांचे प्रतिनिधी पक्षाचे पुढारी ठरवत. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरला आयझेनहॉवर युरोपात असूनही जिंकले. विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का टॅफ्ट यांनी घेतले. बाबासाहेबांच्या पदवीदानाच्या दोनच दिवस आधी, ३ जूनला, साउथ डकोटात टॅफ्ट निसटत्या फरकाने जिंकले.

निकाल लागला तो टेक्सासमुळे. तिथल्या स्थानिक सभांत आयझेनहॉवर यांच्या समर्थकांनी गर्दी केली होती. टॅफ्टवादी पुढाऱ्यांनी त्यांना बाजूला सारून आपलेच प्रतिनिधी पाठवले. जुलैमध्ये शिकागोच्या अधिवेशनात याच मुद्द्यावर न्याय्य वागणुकीचा ठराव आला आणि टॅफ्ट यांची बाजू कोसळली. पहिल्या फेरीत आयझेनहॉवर यांना ५९५ आणि टॅफ्ट यांना ५०० मते पडली. गरज होती ६०४ मतांची. तेवढ्यात मिनेसोटाने बाजू बदलली आणि सगळे संपले. राज्यघटना आणि नियमांवर बोट ठेवून चालणाऱ्या माणसाची शेवटची संधी त्याच्याच माणसांनी वाकवलेल्या नियमांनी घालवली. बंद दाराआड उमेदवार ठरवणाऱ्या आपल्याकडच्या संघटनांनीही यातून काही घ्यावे.

सप्टेंबरमध्ये टॅफ्ट कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरी आयझेनहॉवर यांना भेटले. हा तोच मॉर्निंगसाइड हाइट्स परिसर, जिथे विद्यार्थी भीमराव ग्रंथालयात तासन्तास बसत. सरकारी खर्चाला कात्री लावायची, या समझोत्यावर टॅफ्ट यांनी पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी, ३० एप्रिल १९५३ रोजी, नव्या सरकारच्या अंदाजपत्रकातही तूट दिसली तेव्हा त्यांनी व्हाइट हाउसच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली. तेव्हा ते सिनेटमधील बहुमताचे नेते होते. कर्करोगाने त्यांना आधीच गाठले होते. ३१ जुलै १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

घर आणि राज्य

टॅफ्ट यांनी राष्ट्राला घर मानले. घराने कर्जात बुडू नये, तसे देशानेही बुडू नये. अंगुत्तर निकायात तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यांत ऋण नसण्याचे सुख आहे. मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकलेल्या बाईच्या घरात बसलो की त्या सुखाची किंमत कळते. पण तथागतांनी राजाला वेगळे सांगितले आहे. कूटदंत सुत्तात राज्यातली लूटमार थांबवायचा उपाय म्हणून शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकरी करणाऱ्याला वेतन द्यायला सांगितले आहे. घराचा धर्म काटकसर असेल, पण राज्याचा धर्म लोकांना उभे करणे हा आहे.

म्हणून कर्जाचा प्रश्न उजव्यांचा म्हणून झटकू नका. महागाई हा गरिबावरचा न सांगता बसवलेला कर आहे, हे खरे आहे. तो प्रश्न आपणच विचारायचा, आणि पुढे जाऊन विचारायचा: कर्ज कोणासाठी काढले, आणि काटकसर कोणाच्या ताटातून केली? अंदाजपत्रक आले की किमान आपल्या विभागाची पाने उघडा. तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, वळवले किती, हे वस्तीतल्या बैठकीत मोठ्याने वाचा. टॅफ्ट आकडे पाठ करून सभागृहात उभे राहत. तेवढी एक सवय त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!