पत्रांतून दिसणारे मिर्झाराजे

महाराष्ट्रातून जयपुरास आलेले पाहुणे आमेरचा किल्ला पाहू लागले की, हे जयसिंग म्हणजे पुरंदरचेच काय, असा प्रश्न हमखास निघतो. इ. स. १७२७ मध्ये जयपूर वसविणारे व वेधशाळा उभारणारे ते सवाई जयसिंग. पुरंदरास वेढा घालणारे मिर्झाराजे हे त्यांचे पूर्वज. आम्हां मराठी माणसांच्या मनात मिर्झाराजांचे चित्र एकाच प्रसंगाने रेखाटलेले असते. परंतु त्यांच्या पदरच्या मुनशीने, उदयराजने, लिहिलेली फारसी पत्रे ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात टिकून राहिली आहेत, आणि आमेरच्या चाकरांनी परस्परांस धाडलेली राजस्थानी पत्रे जयपूर संस्थानाच्या दप्तरात सापडली. ही दोन्ही पुढे ठेवली म्हणजे शत्रुपक्षाच्या सेनापतीआडचा माणूस दिसू लागतो.

मिर्झाराजांचा जन्म १६११ चा. वयाच्या दहाव्या वर्षी, १६२१ मध्ये, ते आमेरच्या गादीवर आले, आणि तेव्हापासून त्यांचे बहुतेक आयुष्य घोड्याच्या पाठीवरच गेले. बल्ख व कंदाहारपासून दक्षिणेपर्यंत त्यांनी मोगलांच्या मोहिमा केल्या. १६३९ मध्ये शाहजहानने त्यांस ‘मिर्झाराजा’ हा किताब दिला. शाहजहानच्या पुत्रांत वारसायुद्ध पेटले तेव्हा प्रथम ते दाराच्या पक्षाकडून लढले; पुढे वारे ओळखून औरंगजेबास मिळाले, आणि परागंदा झालेल्या दाराचा पाठलागही त्यांनीच केला. बिहारीसारख्या रससिद्ध कवीला आश्रय देणारा हा राजा राजकारणात मात्र भावनेस फारसा थारा देणारा नव्हता.

मार्च १६६५ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ते पुण्यास दाखल झाले. त्या वेळच्या पत्रांत त्यांची सावध व सर्वगामी बुद्धी पानोपानी जाणवते. युद्धाची सारी सूत्रे आपल्या एकट्याच्या हाती असावीत, असा आग्रह त्यांनी बादशहापाशी धरला. सिद्दी, पोर्तुगीज, कर्नाटकातील जमीनदार, अफझलखानाचा पुत्र फाजल, अशा शिवाजीमहाराजांच्या एकूणएक विरोधकांशी त्यांनी संधान बांधले. महाराज व विजापूरकर एक होऊ नयेत, ही चिंता त्यांस अखंड लागून राहिलेली दिसते. एप्रिलमध्ये वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे पुरंदरावर धारातीर्थी पडले, आणि ११ जून रोजी महाराज स्वतः मिर्झाराजांच्या छावणीत आले. तहान्वये चार लक्ष होनांच्या उत्पन्नाचे तेवीस किल्ले मोगलांस गेले. महाराजांकडे बारा राहिले.

यानंतर मिर्झाराजांच्या आयुष्यातील खरी कसोटी सुरू झाली. विजापूरवरील त्यांची मोहीम फसली, आणि महाराजांस आग्र्यास पाठविण्याचा बेत त्यांनी सिद्धीस नेला. त्यासाठी आपला व आपल्या पुत्राचा, कुमार रामसिंहाचा, शब्द त्यांनी महाराजांच्या जीविताकरिता गुंतविला. १२ मे १६६६ च्या दरबारात महाराजांचा अवमान झाला आणि पाठोपाठ पहारे बसले, तेव्हा हा शब्द पणास लागला.

या दिवसांचे वर्तमान आमेरच्या चाकरांनी आमेरचे दिवाण कल्याणदास यांस लिहून कळविले. जदुनाथ सरकार व रघुबीर सिंह यांनी संपादिलेली ती पत्रे १९६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. बादशहाच्या डोळ्यांसाठी ती लिहिलेली नव्हती, म्हणूनच त्यांत मोकळेपणा आहे. परकालदास नावाचा लेखक महाराजांचे वर्णन करताना, अंगाने कृश असूनही हा पुरुष पाहताक्षणीच राजा वाटतो, अशा आशयाचे लिहितो. महाराजांच्या जीवावर बेतते आहे असे कळताच, आधी आपणांस मारावे, अशी भूमिका रामसिंहाने घेतली, आणि त्यांच्याबद्दल बादशहास जामीन लिहून दिला. दक्षिणेतून मिर्झाराजेही तेच बजावीत होते : महाराजांस मारण्यात वा कैदेत ठेवण्यात लाभ नाही, आणि पुत्राने दोघांच्या वचनास बाध येऊ देऊ नये. राजकारणाचा हिशेब व रजपुताची आण येथे एकाच दिशेने चालत होती.

ऑगस्टमध्ये महाराज निसटले, आणि त्या दोन वाटा दुभंगल्या. रामसिंहावर संशय येऊन त्याची मनसब गेली व त्यास दरबार बंद झाला. विजापूरच्या अपयशाने आधीच खचलेल्या पित्यावर हा दुसरा आघात होता. त्यानंतर त्यांनी वजीर जाफरखानास धाडलेले एक पत्र वाचताना मन विषण्ण होते. महाराजांस भेटीस बोलावून वाटेतच त्यांचा घात करण्याचा बेत त्यात मांडला आहे. त्यासाठी सोयरिकीचे आमिष दाखविण्याचीही त्यांची तयारी आहे, आणि त्याच ओळींत महाराजांच्या कुळास हीन लेखले आहे. तो बेत तडीस गेला नाही. पण ज्यांच्या जीविताची हमी दिली त्यांचाच घात योजण्याइतका हा मानी पुरुष खाली उतरला होता, हे त्या कागदाने लपत नाही.

कोणते मिर्झाराजे खरे मानावेत? आम्हांस वाटते, दोन्ही. वचन पाळण्याचा त्यांचा आग्रह ढोंगी नव्हता. परंतु ज्या सत्तेस त्यांनी सारे आयुष्य वाहिले, तिच्या मर्जीवाचून त्यांस व त्यांच्या कुळास दुसरा आधार उरला नव्हता. तो आधार डळमळताच त्यांची आणही डळमळली. पुरंदरी पराभूत झालेल्या महाराजांपाशी निदान स्वतःचे असे राज्य होते. विजयी मिर्झाराजांपाशी होती ती केवळ चाकरी.

त्या चाकरीनेही अखेरीस त्यांस दूर सारले. १६६७ मध्ये दक्षिणेचा कारभार शाहजादा मुअज्जमकडे सोपवून ते उत्तरेस निघाले, आणि बऱ्हाणपुरास त्यांचा अंत झाला. आमेरची वाट अर्ध्यावरच राहिली. त्यांची छत्री आजही तेथे तापीच्या परिसरात उभी आहे. दक्षिणेतून जयपुराकडे रेल्वेने येताना बऱ्हाणपूर लागले, तर आपल्या मंडळींनी त्या वृद्ध सेनापतीचे क्षणभर स्मरण करावे : शत्रू म्हणून तर करावेच, पण घरी पोहोचू न शकलेला एक मनुष्य म्हणूनही करावे.